मूळ रूपातली पद्मिनी

परवान्यावर माल तयार करण्याची कला आमच्या गावाला साडेतीनशे वर्षांपासून अवगत आहे. बीबी का मकबरा हा तिचा पुरावा. ताजमहालाचा प्रमुख स्थपती उस्ताद अहमद लाहोरी. आमच्या मकबऱ्याचा आराखडा केला तो त्याच्या मुलानं, अताउल्लानं. म्हणजे तांत्रिक सहकार्य मूळ कंपनीचं, बाकी माल आणि मजूर स्थानिक. जिथं संगमरवर परवडेना तिथं गिलावा. खर्च सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे, असा आकडा एका जुन्या तवारिखेत आहे. ते सात आणे वाचल्यापासून मला त्या इमारतीबद्दल फार आपुलकी वाटते. बादशहाच्या बेगमेची कबर बांधतानासुद्धा आमच्या पेशाचा कुणी एक इसम दिवे लागले तरी घरी न जाता सात आण्यांचा फरक शोधत बसला असणार!

बाहेरगावचे पाहुणे मकबरा बघून "शेवटी नक्कलच हो!" असं म्हणतात, तेव्हा मी वाद घालत नाही. फक्त विचारतो, "तुमच्याकडे पूर्वी फियाट होती ना?" पाहुणे खुलतात. "होती म्हणजे! वडलांची! काय गाडी होती!" मग मी हळूच सांगतो, की तीही नक्कलच. नकाशा इटलीतल्या तुरिनचा, कारखाना मुंबईच्या कुर्ल्याचा, परवाना दिल्लीचा. आणि तरीही ती आपली होती. पाहुणे गप्प बसतात आणि चहा घेतात.

ही फियाट कुर्ल्यापर्यंत कशी पोचली, ती हकीकत मजेदार आहे. शेठ वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. भोर घाटातले रेल्वेचे बोगदे, सिंधिया कंपनीची जहाजं, रावळगावची साखर, एवढं करून या गृहस्थांना चैन पडेना. हिंदुस्थानात मोटार तयार झाली पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यासाठी १९३९ साली ते अमेरिकेला गेले. परतीच्या विमानप्रवासात एका अमेरिकन विमानवाल्याशी गाठ पडली, गप्पा झाल्या, आणि मोटारीचा कारखाना आणायला गेलेला माणूस विमानाचा कारखाना ठरवून परत आला. १९४० च्या डिसेंबरात बंगलोरला 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' निघाली ती अशी. मी औरंगपुऱ्याच्या भाजीमंडईत मेथी आणायला जाऊन शेपू घेऊन आलो तर घरी दोन दिवस ऐकून घ्यावं लागतं. वालचंदांना कोण बोलणार!

मोटारीचं त्यांनी सोडलं नव्हतंच. १९४४ साली 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स' स्थापन झाली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्या अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या, डॉज आणि प्लिमथ जातीच्या. संस्थानिकांना आणि सिनेमावाल्यांना शोभतील अशा. आपल्यासारख्याची गाडी आली ती नंतर. १९५३ साली सरकारनं ठरवलं, की नुसते परदेशी सुटे भाग जोडून गाडी विकणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. ज्यांना इथं खरोखर गाडी तयार करायची असेल त्यांनीच राहावं. जनरल मोटर्स गेली, फोर्ड गेली, प्रीमियर राहिली आणि तिनं फियाटचा हात धरला. वालचंद त्याच साली वारले.

पहिली फियाट ११०० गोलमटोल होती, पुढचे दरवाजे उलट्या बाजूला उघडणारी. महाराष्ट्रानं तिला ताबडतोब 'डुक्कर फियाट' म्हणायला सुरुवात केली. आपल्याकडे प्रेम व्यक्त करायची हीच पद्धत आहे. पुढं 'सिलेक्ट', 'सुपर सिलेक्ट' अशी चहाच्या पुड्यांना शोभणारी नावं आली आणि १९६४ च्या सुमारास 'डिलाइट' आली. मागच्या बाजूला दोन छोटे कंगोरे, हजार एकोणनव्वद सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ताकद चाळिसेक घोड्यांची, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली, त्यामुळे पुढच्या सलग बाकावर तिसऱ्या माणसाला जागा. हा तिसरा माणूस लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. इटलीनं हे मॉडेल १९६६ साली बंद केलं. आपण ते २००० सालच्या आसपासपर्यंत चालवलं. मूळ मालकानं टाकलेली वस्तू आपण आणखी चौतीसेक वर्षं वापरली, यात लाज वाटण्यासारखं काय आहे? माझा पहिला शर्ट मोठ्या चुलतभावाचा होता.

त्या काळी गाडी विकत घेता येत नसे, ती मिळावी लागे. गाड्यांच्या वाटप-विक्रीवर १९५९ पासून सरकारी हुकूम. पैसे भरायचे, नंबर लावायचा आणि वाट बघायची. १९६४ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या घरच्या मंडळींनी गाडीचा आग्रह धरला, तेव्हा फियाटची किंमत होती बारा हजार आणि शास्त्रीजींजवळ होते सात हजार. उरलेल्या पाच हजारांसाठी त्यांनी पंजाब नॅशनल बँकेत कर्जाचा अर्ज केला. पुढं १९६६ च्या जानेवारीत ताश्कंदला ते गेले आणि ललिताबाईंनी ते कर्ज आपल्या पेन्शनमधून फेडलं. ती गाडी दिल्लीला त्यांच्या स्मारकात ठेवलेली आहे. मी बँकेत कर्जाच्या टेबलावर बसतो. समोरचा इसम "साहेब, हप्ता पुढच्या महिन्यात एकदम भरतो," म्हणाला, की मला ती गाडी आठवते. पण सांगून उपयोग नसतो, म्हणून मी नुसतं रजिस्टर उघडतो.

आमच्या आजोबांनी, म्हणजे समर्थनगरातल्या वकीलसाहेबांनी, १९६८ साली फियाट बुक केली. मग बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, माणूस चंद्रावर जाऊन परत आला, बांगलादेश झाला, बहात्तरच्या दुष्काळात अख्खा मराठवाडा खडी फोडून सुकडी खाऊन उठला, तरी आजोबांचा नंबर आपला यादीतच. शेवटी मदत आली ती अरबांची. १९७३ च्या ऑक्टोबरातल्या लढाईनंतर पेट्रोल असं भडकलं, की यादीतल्या पुढच्या लोकांनी पटापट नावं मागं घेतली. आजोबांनी नाही घेतलं. "अशिलाला तारीख मिळाली आणि वकीलच गैरहजर, असं व्हायचं नाही," म्हणाले. १९७५ च्या फेब्रुवारीत, आणीबाणीच्या चार महिने आधी, गाडी दारात आली.

पण बुक केली होती फियाट आणि आली पद्मिनी! मधल्या काळात फियाटशी असलेला करार संपला होता. कंपनीनं गाडीला आधी 'प्रेसिडेंट' म्हटलं आणि १९७४ पासून चितोडच्या राणीचं नाव दिलं. गाडी तीच, बिल्ला निराळा. आजोबांचं संस्कृत पक्कं, त्यामुळं त्यांना राणीआधी शास्त्र आठवलं. शास्त्रात स्त्रियांचे चार प्रकार सांगितलेत: पद्मिनी, चित्रिणी, शंखिनी आणि हस्तिनी. समोरच्या डॉक्टरांची अॅम्बेसेडर कोणत्या प्रकारात मोडते हे ते ओट्यावर बसून मोठ्यानं सांगू लागले, तेव्हा आजीनं त्यांना आत बोलावलं. घरात तिला पद्मिनी कुणी म्हटलं नाही. ती फियाटच राहिली. आमच्या गावाला याची सवय आहे. मलिक अंबरानं वसवलं ते खडकी, त्याच्या मुलानं केलं फत्तेनगर, मग औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. गाडीलाही मोजून चार नावं: अकराशे, डिलाइट, प्रेसिडेंट, पद्मिनी. पाटी बदलली तरी पैठण गेटाजवळचा खड्डा गाडीला ओळखतो आणि गाडी खड्ड्याला.

आजोबांच्या नंतर गाडी बाबांच्या ताब्यात आली. बाबा जायकवाडी प्रकल्पावर इंजिनियर. नाथसागराचं धरण १९७६ साली पुरं झालं आणि बाबांच्या हातांना काम कमी पडू लागलं. त्यानंतर या गाडीत जे फेरफार झाले त्यांना घरात 'सुधारणा' म्हणण्याची पद्धत आहे. पहिल्यांदा टपावर कॅरिअर चढला. मग डॅशबोर्डवर छोटा पंखा आला. तो वारा कमी आणि आवाज जास्त द्यायचा, पण वेरूळला जाताना दौलताबादच्या घाटात इंजिनाचा दम ऐकू येऊ नये एवढी सोय त्यानं होई. मागच्या काचेला आईनं विणलेले पडदे. दोन भोंगे: एक माणसांसाठी, एक म्हशींसाठी.

सगळ्यांत मोठी सुधारणा १९८५ सालची. १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत इंदिराबाईंनी पहिल्या मारुतीची किल्ली दिली आणि वर्षाभरात आमच्या गल्लीत एक लाल मारुती आली. तिचा गिअर खाली, दोन सीटांच्या मध्ये. आमचा वर, स्टिअरिंगला. शेजाऱ्यांचा मुलगा जाता जाता बाबांना म्हणाला, "काका, तुमची गाडी चालवताना पेटी वाजवल्यासारखं वाटतं." बाबा काही बोलले नाहीत. त्याच सुमारास आत्याचं लग्न होऊन ती जळगावला गेली होती. पुढच्या बाकावर मध्ये बसणारा तिसरा माणूस म्हणजे आत्या. तिची जागा रिकामी झाली आणि त्या जागी बाबांनी गिअर आणला. सलग बाक गेला, दोन वेगळ्या सीटा आल्या. त्या वर्षी वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला होता आणि गावात लेथ मशिनवर बसणारी हुशार पोरं वाढू लागली होती. कागदावर काढून दिलं की बुश म्हणा, दांडा म्हणा, संध्याकाळी हजर. विलायतेत लोकांना जुन्या गाडीचा भाग मिळाला नाही की ते वर्तमानपत्रात जाहिरात देतात. आमच्याकडे चिकलठाण्याला चक्कर मारतात.

नंतरची पंचवीस वर्षं मी भराभर सांगतो, कारण गाडीनंही ती तशीच काढली. निळा रंग गेला, पांढरा आला. २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर पेट्रोलमधलं शिसं गेलं. त्या शिशाच्या जोरावर जुन्या इंजिनाचे व्हॉल्व टिकायचे, त्यामुळं हेड उतरवून व्हॉल्वच्या बैठका बदलाव्या लागल्या. २००१ साली शेंद्र्याला स्कोडा आली. आणि ऑक्टोबर २०१० मध्ये आमच्या गावानं साऱ्या देशाला तोंडात बोटं घालायला लावली: एका दिवसात दीडशे मर्सिडीज! गावातल्या मंडळींनी मिळून घाऊक खरेदी केली, किंमत पासष्ट कोटी, कर्जाचं व्याज सात टक्के. त्या आठवड्यात बँकेत कुणाचं कामात लक्ष नव्हतं. एरवी आम्ही शेतकऱ्याच्या ठिबक सिंचनाचे कागद तीन-तीनदा तपासतो. दीडशे मर्सिडीजना दीडशे ठिकाणी उभं राहायला जागा कुठं, हा प्रश्न मी विचारला, तर साहेब म्हणाले, "तुम्हाला वाणिज्य कळतं, वैभव कळत नाही." त्या दिवशी आमची फियाट पोर्चमध्ये बॅटरी उतरलेल्या अवस्थेत उभी होती. चाकांत हवा नव्हती आणि मागच्या सीटमध्ये मांजर व्यालं होतं.

तशीच ती उभी राहिली असती. पण २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस पेपरात बातमी आली, की मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून पद्मिनी गेली. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदलेली होती, टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांचं, ते संपलं. बाबांनी बातमी दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आपली काढा बाहेर." बाबांचं वय तेव्हा शहात्तर. त्या वयाचे लोक साधारणपणे देवळाचा जीर्णोद्धार काढतात.

बँकांना २०१५ च्या सप्टेंबरपासून दुसरा आणि चौथा शनिवार सुटी असतो. ही सुटी कर्मचाऱ्यांनी कुटुंबासमवेत घालवावी अशी अपेक्षा असावी. ती आमच्या बाबतीत पूर्ण झाली, फक्त सगळं कुटुंब गाडीखाली होतं. शहागंजच्या बाजूचे एक उस्ताद यायचे. पासष्टीचे, दाढी मेंदी लावलेली. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, खालच्या पत्र्यावर पान्ह्यानं टकटक केलं, पान्हा आरपार गेला. "साब, इंजन तो जवान है," ते म्हणाले, "जमीन नक्को बोल रई." या गाडीला वेगळी चासी नसते, अंग हाच सांगाडा. त्यामुळं तळाचा पत्रा कुजला म्हणजे नुसती चादर फाटली असं नाही, पाठीचा कणाच गेला. तीन शनिवार कापाकापी आणि वेल्डिंग झालं. शेजारीपाजारी पोर्चमधल्या ठिणग्या बघून "दिवाळी लवकर आली वाटतं?" विचारून जायचे. आमच्या सौभाग्यवती त्यांना चहा द्यायच्या, कारण चहा दिला नाही तर ते आत येऊन सल्ला देतात.

मग रंग. लांबी भरण्याआधी जुना रंग खरवडायचा असतो. मी पॉलिश पेपर घेऊन डाव्या दरवाज्याला बसलो. पांढऱ्याखाली निळा लागला. निळ्याखाली एक हिरवट थर, तो कधीचा हे बाबांनाही सांगता येईना; आई म्हणाली, "१९७९ चा, तुमच्या मित्राकडं उरलेला होता म्हणून दिलात." त्याच्याखाली अस्सल मोतिया. पैठणला उत्खननात सातवाहनांचा थर लागल्यावर पुरातत्त्ववाल्यांना काय वाटत असेल, ते मला त्या शनिवारी कळलं. आई आतून आली, त्या मोतिया रंगाच्या तळहाताएवढ्या तुकड्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "सासूबाईंनी इथं कुंकू लावलं होतं." मग कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेली.

इथवर घरात मतभेद नव्हते. ते सुरू झाले आमच्या चिरंजीवांमुळं. बारावीत आहेत. त्यांचं म्हणणं, आता एवढी उघडलीच आहे तर अलॉयची चाकं घाला, टचस्क्रीन बसवा, नाहीतर सरळ इंजिन काढून बॅटरीवर करा. बाबा म्हणाले, चाकं गोल आहेत तेवढं पुरे. त्यावर मी कायदा सांगितला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: नोंदणी पुस्तकात लिहिलंय त्याहून गाडीचं रूप परस्पर बदलता येत नाही, २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. चिरंजीव थोडा वेळ मोबाइलवर बोटं फिरवत बसले आणि मग विजयी मुद्रेनं म्हणाले, "बाबा, मग तुम्हीच वाचा हे." २०२१ चा केंद्र सरकारचा नियम. पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी, मूळ रूपात राखलेली असेल आणि तिच्यात मोठे फेरफार नसतील, तर तिला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी. २०२५ च्या फेब्रुवारीत आमच्या गाडीला पन्नास पुरी होणार होती!

घरात एकदम सनईचौघडा वाजल्यासारखं झालं. व्हिंटेज! समर्थनगरात आजवर कुणाच्याच नावापुढं व्हिंटेज लागलेलं नाही. पण 'मूळ रूपात' या दोन शब्दांशी येऊन गाडी अडली. मूळ रूप म्हणजे कोणतं? तुरिनहून आलं ते? कुर्ल्याला इथल्या रस्त्यांसाठी फेरफार करून दिलं ते? की आजोबांच्या दारात आलं ते? तिसरं धरू म्हटलं, तर बाबांच्या सगळ्या सुधारणा उतरवाव्या लागणार. कॅरिअर गेला, पंखा गेला, म्हशींचा भोंगा गेला. बाबा एकेक वस्तू हातात घेऊन बघायचे आणि खाली ठेवायचे. त्यांच्या आयुष्यातले चाळीस रविवार पोर्चमध्ये वर्तमानपत्रावर मांडले गेले होते. गिअरपाशी मात्र उस्ताद थांबले. "वो ऊपरवाला गिअर अब किधर मिलता साब? कुर्लाच बंद हो गया."

बाबा उठले. शहात्तर वर्षांचा माणूस माळ्यावर चढताना खालून किती लोक शिडी धरू शकतात, याचा मला अंदाज नव्हता. आम्ही पाच जणांनी धरली. माळ्यावर थोडा वेळ खडखडाट झाला आणि वरून एक गोणपाट खाली सोडण्यात आलं. सुतळीनं बांधलेलं, वर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी: 'फियाट. वरचा गिअर. पूर्ण संच. १९८५.' ग्रीसमध्ये बुडवून ठेवल्यामुळं एका सांध्यालाही गंज नाही. मागं भिंतीला टेकून पुढचा सलग बाकही होता, त्यावर गेली चाळीस वर्षं आम्ही पापडांचे डबे ठेवत होतो. उस्तादांनी ते जोडकाम उजेडात धरून फिरवलं आणि पहिल्यांदाच बाबांना 'साब' ऐवजी 'उस्ताद' म्हटलं.

दोन महिन्यांत गाडी मोतिया झाली, गिअर वर गेला, बाक जागेवर बसला. कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या बदलल्या, कारण आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यात फुगतं. हे इथेनॉल काही प्रमाणात उसापासून येतं. वालचंदांचा साखरेचा धंदा पन्नास वर्षांनी त्यांच्याच गाडीच्या पोटात गेला, असं मी म्हटलं. कुणी हसलं नाही, सगळे सेल्फचा आवाज ऐकत होते. दुसऱ्या झटक्याला गाडी सुरू झाली.

अर्ज भरण्याचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. बँकेत आम्ही तळातली बारीक अक्षरं वाचण्याचाच पगार घेतो. व्हिंटेजची नोंदणी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. साधं नूतनीकरण वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५ च्या ऑगस्टपासून दहा हजार, मुदत पाच वर्षं. दहा वर्षांचा हिशेब मांडला तर दोन्हीकडं वीस हजार. पर्यावरण कर वेगळा. ताळेबंद रुपयाला रुपया जुळला, आणि असा ताळेबंद जुळला की मला नेहमी संशय येतो. म्हणून पुढं वाचलं. तिथं लिहिलं होतं, की व्हिंटेज गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येणार नाही. प्रदर्शन, संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी, आणि त्यासाठी लागणारं पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला जाण्यापुरतीच.

मी हे जेवताना वाचून दाखवलं. सरकारचं त्यात काही चुकतं असं मला वाटत नाही. ठेवा म्हणून जपायची तर वापरून झिजवायची कशाला? पण ताटावर सगळे गप्प झाले. "म्हणजे पैठणला न्यायची नाही?" बाबा. नाही. "औरंगपुऱ्याला?" भाजीचं प्रदर्शन भरलं तर. चिरंजीवांचं म्हणणं, मान मोठा आहे, नंबरप्लेट निराळी मिळते, फोटो येतात. बाबांना मोह झालेला मला दिसत होता. आजोबांचं नाव, पन्नास वर्षं, वर सरकारी शिक्का. असल्या शिक्क्याची किंमत पेन्शनर माणसाला विचारावी. त्यांनी दोन घास खाल्ले आणि आईकडं बघितलं.

आमच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात चिनी मातीचा सहा कपांचा संच आहे. आईच्या लग्नात आलेला. निळी फुलं, सोनेरी कड. त्यातून आजवर कुणी चहा प्यायलेला नाही. आईनं भात वाढता वाढता त्या कपाटाकडं हात केला. "असं होईल तिचं," म्हणाली. "पुसायची मलाच."

पाच वर्षांचं साधं नूतनीकरण केलं. तपासणीला गाडी नेली तेव्हा तिथल्या तरुण निरीक्षकानं आत वाकून बघितलं आणि विचारलं, गिअर कुठाय? बाबांनी दाखवला. मग त्यानं स्वतः आवारात दोन फेऱ्या मारल्या, नियमात किती बसतात मला माहीत नाही.

दिवाळीला जळगावहून आत्या आली. सत्तरीच्या आत-बाहेर आहे, गुडघे दुखतात, मागच्या सीटवर ऐसपैस बसता आलं असतं. पण तिनं पुढचा दरवाजा उघडला, सरकत सरकत मधल्या जागेवर गेली आणि "चला," म्हणाली. बाबा स्टिअरिंगवर, ती मध्ये, कडेला आई. आम्ही तिघं मागं. टपावर कॅरिअर होता. तो बाबांनी तपासणीनंतर पुन्हा चढवला होता आणि मी कलम ५२ त्या वेळी मुद्दामच काढलं नाही. दौलताबादच्या घाटात इंजिनाचा दम चांगला मोठ्यानं ऐकू येत होता, आत्या त्याहून मोठ्यानं बोलत होती. वेरूळला कैलास लेण्यासमोर उभं राहून बाबा चिरंजीवांना सांगत होते, की हे एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलंय, सुटा भाग एकही नाही, म्हणून बाराशे वर्षं गॅरेजला गेलं नाही.

खालचा गिअर आता माळ्यावर आहे. त्याच गोणपाटात, ग्रीस लावून. चिठ्ठी यावेळी चिरंजीवांनी लिहिली. 'फियाट. खालचा गिअर. पूर्ण संच.' साल घालायचं राहिलं होतं, ते बाबांनी शिडीवर चढून घातलं. खाली आम्ही पाच जण होतोच.